कोकणात चाकू-कोयत्यांचं कलेक्शन घरी कसं ठेवायचं? भिंतीवर लावू की पेटीत?

खाडीकाठचा (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. घर वेंगुर्ल्याजवळ, चिऱ्याचं, समुद्र चालत पाच-सात मिनिटांवर. गेली अकरा वर्षं मी पात्याचं जे जे मिळेल ते जमवतोय आणि आता आकडा ३४ वर गेलाय. काही विकत घेतलेले पण बरेचसे घरातलेच, म्हणजे आजोबांच्या दोन कोयत्या, त्यातली एक तिच्या लाकडी आकडीसकट (कोयती कमरेला अडकवायची ती), आजीचे तीन अडकित्ते (दोन पितळी मुठीचे), जुनी विळी जिचं पातं झिजून निम्मं राहिलंय, आमच्या लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेला एक जाड कोयता. बाकी मग नेपाळी खुकरी तिच्या कर्दा-चकमक या दोन पिल्लांसकट, ओपिनेल ८ नंबर (घडीचा फ्रेंच चाकू) कार्बन स्टीलचा, दोन जपानी किचन नाइफ, एक स्वीडिश मोरा आणि स्विस नाइफ पाच-सहा.

दोन वर्षांपूर्वी चार बाय तीनचा प्लाय घेतला, त्याला मरून मखमल लावली, खिळ्यांच्या जोड्या मारून सगळं त्यावर मांडलं आणि पडवीच्या भिंतीवर टांगलं. खरंच फार सुंदर दिसायचं, येणारा माणूस पहिला तिथे थांबायचा. दर पंधरा दिवसांनी मी न चुकता खोबरेल तेलाचं फडकं फिरवायचो. तरीपण या श्रावणात खुकरी म्यानातून काढली तर पात्यावर गंजाचे ठिपके, आणि नुसते वरचे नाहीत, नखाला खड्डे लागतात. बाकीच्यांवर तेलाचा चिकट पिवळट थर आणि त्याच्याखाली गंज. ओपिनेल तर उघडतच नाही, पातं मुठीत घट्ट बसलंय.

आणि मग गणपतीत घर भरलं, मुंबईची सगळी मंडळी आली, बहिणीचा सहा वर्षांचा मुलगा स्टुलावर चढून कोयतीला हात घालताना आईने पाहिला. काही झालं नाही पण त्याच दिवशी बोर्ड खाली उतरवला, आता सगळं गोधडीत गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर आहे आणि मला ते अजिबात बरं वाटत नाहीये, कारण ही आजोबांची हत्यारं आहेत, ती दिसली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. खंडेनवमीच्या आधी काहीतरी नीट व्यवस्था करायची आहे. काचेचं शोकेस करू का, की पेटीच बरी? तेल कुठलं? लाकूड कुठलं? ज्यांच्याकडे समुद्राजवळ असं काही जपलेलं आहे त्यांनीच सांगा प्लीज, युट्यूबवरचे सगळे व्हिडिओ कोरड्या हवेतले आहेत.

जांभादगड (रत्नागिरी)

दादा, मी कॅमेऱ्याच्या लेन्स आणि चाकू दोन्ही जपतो त्यामुळे या दमट हवेशी माझी बरीच वर्षं झटापट चाललेली आहे. जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, तुझं तेल लावणं चुकलं नाही, तेलाच्या आधीचं काम राहिलं. समुद्राजवळ हवेत मीठ असतं, बारीक फवारा येऊन पात्यावर बसतो, डोळ्याला दिसत नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड पण असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरतं. म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात सोड, एरवीसुद्धा पात्यावर खारट पाण्याचा अदृश्य थर असतो. तू त्या मिठावरच तेल फिरवत होतास, मीठ आत आणि तेल वर. म्हणून आधी गोड्या पाण्यात ओला करून घट्ट पिळलेल्या फडक्याने पातं पुसायचं, लगेच कोरडं करायचं, पाच मिनिटं पंख्याखाली ठेवायचं आणि मगच तेल. पाहुण्यांनी हातात घेऊन पाहिलं तरी हेच, घामात पण मीठच आहे.

खोबरेल बंद कर. रोज वापरातल्या कोयत्याला चालतं कारण तो रोज घासला जातो, ठेवून द्यायच्या पात्यावर ते खवट होतं, चिकटतं आणि त्यातली आम्लं लोखंडाला लागतात. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, स्वस्त आहे, खवट होत नाही, किचनच्या सुरीला पण चालतं. शिलाई मशीनचं तेल पण बरं, फक्त खाण्याच्या वस्तूंना लावू नकोस. आणि जे वर्षभर हात न लावता ठेवायचं त्याला मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स. रेनेसान्स वॅक्स म्हणून मिळतं, हे १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या कामातून तयार झालं आणि म्युझियमवाले अजून वापरतात. महाग आहे पण नखाएवढं घेतलं तरी एक कोयती होते. चिकटत नाही, धूळ बसत नाही, बोटांचे ठसे उमटत नाहीत.

खुकरी म्यानात ठेवलीस तिथे घात झाला. कमावलेल्या चामड्यात क्षार आणि आम्लं राहतात आणि चामडं ओलावा धरून ठेवतं, म्हणजे पात्याला ओल्या कापडात गुंडाळल्यासारखंच. म्यान शेजारी ठेव, पातं बाहेर. म्यानाला बुरशी आली असेल तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वारा दे, उन्हात टाकलंस तर आखडेल आणि खुकरी परत आत जायची नाही. गंजाला पॉलिश पेपर लावू नकोस. तेल टाकून रात्रभर मुरू दे आणि बांबूच्या कामटीने किंवा पितळी ब्रशने हळूहळू काढ. खड्डे जाणार नाहीत पण पुढे वाढणार नाहीत. आणि आजोबांच्या कोयतीवरची जी काळी-करडी झाक आहे ना ती गंज नाही, ती कृपा करून घासू नकोस, ती त्या पात्याचं वय आहे आणि थोडंफार संरक्षण पण.

ओपिनेलचं वेगळं आहे. त्याची मूठ बीच लाकडाची, दमट हवेत फुगते आणि पात्याला आवळते. फ्रान्सच्या ज्या सॅव्हॉय या डोंगराळ भागात हा चाकू १८९० पासून बनतो तिथलेच लोक मुठीचं मागचं टोक टेबलावर आपटून पातं सैल करतात. तू आधी आठ दिवस कोरड्या डब्यात ठेव मग हे कर, आणि मोकळा झाला की खाचेत जवसाचं तेल नाहीतर पातळ केलेलं व्हॅसलीन मुरव.

आता मुख्य मुद्दा, भिंत की पेटी. माझं उत्तर आहे दोन्ही, पण वेगवेगळ्या महिन्यांत. आपल्या घरात आगोटीला, पावसाळ्याच्या तोंडावर, काय होतं, मिरची, मीठ, पापड, सगळं बंद डब्यात जातं ना? तसंच हत्यारांचं करायचं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळं उतरवून, पुसून, वॅक्स लावून बंद पेटीत, आणि खंडेनवमीला बाहेर काढून पूजा करून परत भिंतीवर. मी सात वर्षं हे करतोय आणि त्या सात वर्षांत एकाही पात्यावर नवा डाग नाही. पेटी म्हणजे झाकणाला रबर असलेला प्लास्टिकचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल एक किलो. जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव हिश्श्याएवढं पाणी पितं, म्हणून ती एवढीशी बुटाच्या खोक्यातली पुडी कामाची नाही. रंग बदलणारं घे, केशरी ते हिरवं होतं ते. निळं-गुलाबी मिळतं त्यात कोबाल्ट असतं, घरात लहान मुलं आहेत तर ते नकोच. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला दोन-तीन तास ठेवलं की परत तयार. तांदूळ वगैरे ठेवू नकोस, पोरकिडे होतील, दुसरं काही नाही.

डब्यात एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर टाक. तो बरोबर दाखवतो का ते घरीच तपासता येतं, बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात चार थेंब पाणी, नुसतं ओलसर करायचं, आणि मीटरबरोबर घट्ट पिशवीत रात्रभर. सकाळी ७५ च्या जवळ दाखवायला हवं, जेवढा फरक तेवढा लक्षात ठेवायचा. डब्यात ४५ ते ५० च्या मध्ये राहू दे. अगदी वीस-तीसला नेलंस तर लाकडी आणि शिंगाच्या मुठी तडकतील.

माडाखालचो (मालवण)

अरे बाबा पयला सांग, तुझी ती पडवीची भिंत खयच्या दिशेक हा? पश्चिमेक असात तर थय काय एक लावू नको. पावसात झड लागता आणि चिरो पाणी पिता, आतसून हात लावलंस तरी गार लागता. आमच्या घरात त्या भिंतीर देवाचो फोटो लावलेलो तो पण मागसून कुजलो. आतली भिंत बघ, माजघराची, जिच्या दोन्ही अंगाक खोली आसा. आणि बोर्ड भिंतीक चिकटवून लावू नको, मागे दोन बोटां जागा सोड, वारो फिराक होयो. चिऱ्यात साधो खिळो धरणा नाय, भुगो होऊन बाहेर येता, लांब अँकर फास्टनर मार.

आणि एक मनातला सांगतंय, राग मानू नको. आज्याच्या दोन कोयत्यांतली एक तरी वापरात ठेव. वर्षाक चार नारळ सोल, वय (कुंपण) शाकार, निसण्यार धार लाव. हातातलो कोयतो गंजणा नाय. आकडी मातर भिंतीर लाव, ती आता कोण करणा नाय फारशी, पोरांका बघूक मिळात.

अडकित्तेवाली (दापोली)

माझ्याकडे फक्त अडकित्ते आहेत, बावीस, पण मांडणीचा विचार मी खूप केलाय म्हणून लिहिते.

प्लाय आणि मखमल दोन्ही बदला. नव्या प्लायमधून, एमडीएफमधून आम्लाची वाफ निघत राहते, तुम्हाला तो वास कपाट उघडल्यावर येतोच की, आणि बंद काचेत ती कोंडली की धातूवर बसते. लाकूड पण नवीन, ओलं नको. परदेशात ओकच्या पेट्या दिसायला छान असतात पण ओकमधून व्हिनेगरमधलंच आम्ल निघतं, म्युझियमवाले म्हणूनच ते टाळतात. आमच्या सुताराने जुन्या दाराच्या फळ्या वापरल्या, पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड, त्याला काय वास असणार. मखमलीखालचा गोंद आणि रंग काय असतो देव जाणे, मी साधं न रंगवलेलं मांजरपाट दोनदा गरम पाण्यात धुऊन ताणून लावलंय, त्यावर पितळ जे खुलतं ते मरून मखमलीवर कधीच खुललं नाही. फोम पाहिजे असेल तर पॉलिइथिलीनचा घ्या, पीव्हीसी अजिबात नको.

खिळ्यांच्या ऐवजी तंगूस वापरा. मासेवाल्यांची बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, मागे भोक पाडून दोन ठिकाणी आवळायची, समोरून दिसत नाही, अडकित्ता हवेत तरंगल्यासारखा वाटतो आणि मूल काय मोठा माणूस पण ओढून काढू शकत नाही. कोयतीला वजन आहे, तिला मुठीपाशी आणि पाठीपाशी लाकडाचा छोटा आधार द्या, त्याला चामडं नको, मांजरपाटच. धार नेहमी भिंतीकडे नाहीतर खाली.

मी तीन इंच खोल पेट्या केल्यात, समोर काच नाही, अॅक्रिलिक, कारण ते काचेसारखं सहज फुटत नाही. खालच्या बाजूला दीड इंचाचा चोरकप्पा, त्याला वर बारीक भोकं, त्यात जेलच्या पुड्या, म्हणजे पुड्या बदलायला अख्खी पेटी उघडावी लागत नाही. नुसती बंद काच म्हणजे सुरक्षित असं नसतं हे लक्षात घ्या, जेल नसेल तर आतली दमट हवा आतच राहते. कुलूप लावलंय आणि पेटी माझ्या डोक्याच्या उंचीवर. घरात मुलं येतात तर कुलूप हवंच, ते मी सांगायला नको, तुमच्या आईंनी पाहिलंच आहे.

विजेवर चालणाऱ्या ड्राय कॅबिनेटचा विचार असेल तर एवढंच सांगते, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे लाईट किती दिवस नव्हती ते इथल्या लोकांना विचारा. जेल लाईटवर अवलंबून नाही.

आणि प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लावा हो. कोणाची, कुठून आली, कशासाठी वापरायचे. माझ्या आत्येसासूबाई होत्या तोपर्यंत कुठला अडकित्ता कोणाच्या लग्नातला ते त्या सांगायच्या, मी लिहून घेतले नऊ, बाकी तेरा आता नुसते अडकित्ते आहेत. तुमच्या आईंना आत्ताच बसवा आणि लिहून घ्या, ते वॅक्सपेक्षा आधी करा.

बांधावरून (कणकवली)

वरचं सगळं पटलं, कायद्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालच्या नियमांत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू, खुकरी, तलवारी, खंजीर हे धारदार शस्त्रांत मोजले जातात, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेलं त्यातून वगळलेलं आहे. म्हणजे कोयता, विळी, जपानी किचन नाइफ यांचा प्रश्न नाही. खुकरीचं पातं मोजून बघा, बहुतेक नऊच्या वर असेल. अशा शस्त्रांना कलम ४ नुसार ज्या भागात केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढलेली असेल तिथे लायसन्स लागतं, तर तुमच्या भागाचं पोलीस ठाण्यात जाऊन एकदा विचारून घ्या, बिल असेल तर जपून ठेवा.

दुसरं म्हणजे घराबाहेर नेताना. सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्या काळात धारदार शस्त्र घेऊन फिरायला बंदी असते. लोहाराकडे धार लावायला न्यायचं असेल तर पेपरमध्ये आदेश बघून न्या, आणि एरवी पण गुंडाळून, बंद पिशवीत.

खाडीकाठचा (वेंगुर्ला)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. भिंत पश्चिमेचीच आहे, माडाखालचो दादा तुमी बरोब्बर वळाखलात. आज बोर्ड काढून मागून पाहिला तर प्लाय अर्धा काळा पडलाय.

काल रात्री आईबरोबर बसलो आणि लिहून घेतलं. आकडी आजोबांची नाहीच निघाली, त्यांच्या वडिलांची, माडावर चढायचे तेव्हाची. आणि विळीचं पातं एवढं का झिजलं तर आजी कोकमाच्या दिवसांत रोज टोपलीभर रतांबे तिच्यावर फोडायची, आंबटामुळे पातं काळं पडायचं मग राखेने घासायची, तीस वर्षं. हे मला माहीतच नव्हतं आणि मी ती विळी बोर्डाच्या कोपऱ्यात लावली होती, आता मधोमध येणार.

ठरवलंय असं की माजघराच्या आतल्या भिंतीवर दोन पेट्या, चोरकप्प्यासकट, कुलूपबंद, त्यात घरातली सगळी हत्यारं. मांगराचा जुना दरवाजा पडून आहे त्याच्या फळ्या सुतार बघून गेला. बाकीचं आगोटीच्या डब्यात जाईल आणि खंडेनवमीला पूजेत सगळं बाहेर येईल. खुकरी मोजली, साडेदहा इंच आहे, ठाण्यात विचारून येतो. एक कोयती वापरात काढली, आज दोन शहाळी तोडली.

एकच राहिलं, दोन्ही जपानी सुऱ्या मी स्वयंपाकात वापरतो, त्यांना किचनमध्ये मॅग्नेटची पट्टी लावू का?

जांभादगड (रत्नागिरी)

लाव, पण लाकडाच्या तोंडाची पट्टी घे, उघड्या लोखंडाची नको, जपानी पातं कडक असतं, धातूवर आपटलं की धारेचा टवका उडतो. लावताना आधी पात्याची पाठ टेकवायची आणि मग धारेकडे हळू वळवायचं, काढताना उलट, आधी धार सोडवायची. गॅसपासून आणि सिंकपासून लांब. कार्बन स्टीलची असेल तर कांदा किंवा लिंबू कापल्यावर तिथल्या तिथे पुसून घे, ओट्यावर पाच मिनिटं पण ठेवू नकोस. आणि मुलं घरात असतील ते दिवस दोन्ही सुऱ्या वरच्या कप्प्यात.

अडकित्तेवाली (दापोली)

विळीची गोष्ट वाचून फार बरं वाटलं. तंगूस बांधताना साधी गाठ सुटते, निसरडी असते, तुमच्याकडे कोणी होडीवर जाणारं असेल तर त्याच्याकडून गळाची गाठ शिकून घ्या. आणि पेट्या झाल्या की फोटो नक्की टाका, चिठ्ठ्यांसकट.